पोपडे पावसाने पडले, पैसे भाडेकरूचे गेले

तंजावर जिल्ह्यातील तिरुक्करुगावूर हे गर्भरक्षांबिकेच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव. या परिसरातून नोकरी-शिक्षणासाठी कुंभकोणमला भाड्याने राहणाऱ्यांची तक्रार चेन्नईच्या भाडेकरूंपेक्षा निराळी नाही. घर सोडताना रंगकाम व साफसफाईच्या नावाखाली अनामतीतून महिन्याभराचे भाडे सरसकट कापले जाते. तमिळनाडूत अनामतीला ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. परत करावयाच्या पैशाला हे नाव पडावे, यातच बरेच काही आले.

कावेरीच्या या सखल प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात. हे काही भाडेकरूचे कर्तृत्व नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमाने घर मूळ स्थितीत परत करण्याचे बंधन घातले, पण वाजवी झीज त्यातून वगळली. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने तर भिंतींची सफेदी व दारे-खिडक्यांचा रंग मालकाकडे सोपवला. नळाचा वॉशर, स्विच, खिडकीची काच भाडेकरूकडे. घोडे अडते ते ‘करारात अन्यथा ठरले नसल्यास’ या सवलतीपाशी. करार मालकाने छापून आणलेला असतो आणि घराची निकड भाडेकरूला असते.

तमिळनाडूच्या २०१७ च्या कायद्यानुसार देणी वजा करून अनामत महिन्याभरात परत करावयाची आहे. देणे किती, हे सिद्ध कोणी करायचे? गाव सोडून गेलेला माणूस काही हजारांसाठी भाडे न्यायालयाची पायरी चढत नाही.

मालकाची बाजूही खोटी नाही. फुटलेले बेसिन, थकलेले वीजबिल यांची भरपाई त्याला मिळालीच पाहिजे. अनेकांचे म्हातारपण त्या भाड्यावरच चालते. मात्र ती बिल दाखवून मिळावी. इंग्लंडमध्ये २००७ पासून अशी अनामत मान्यताप्राप्त योजनेच्या संरक्षणाखाली ठेवावी लागते, कपातीचा पुरावा मालकाला द्यावा लागतो आणि २०१९ पासून सक्तीचे सफाईशुल्क बेकायदा आहे.

एवढी यंत्रणा आपल्याकडे लगेच उभी राहणार नाही. ताबा देताना दोघांच्या सहीचा, छायाचित्रांसह स्थितीदर्शक तक्ता मात्र सक्तीचा करता येईल. तो नसेल तर कपात नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने भाडेकराराची नोंदणी आधीच बंधनकारक आहे. तेथे नोंदणीच्या कागदांत या तक्त्याचे एक पान वाढवावे लागेल, इतकेच.