गडावर फोटो काढायला जा, पण सांगून जा!

फेब्रुवारी उजाडला की आपल्या होस्टेलवर एक साथ येते. फायनल इयरवाल्यांना अचानक साक्षात्कार होतो, की चार वर्षांत आपला एकही धड फोटो निघालेला नाही. आयकार्डावरचा तर आईलाही ओळखू येत नाही! मग कुणाच्या तरी मामेभावाचा कॅमेरा येतो, इस्त्रीवाल्याकडे रांग लागते आणि रविवारी पहाटे सगळी टोळी लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरते. मुक्काम पोस्ट लोहगड!

इकडे स्टाफरूममध्ये वेगळाच सूर असतो. "हे फोटोबिटो बंदच करा." सरांची काळजी खोटी नाही. जुलै 2024 मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ काढताना एक तरुणी दरीत पडून गेली. अशी बातमी वाचल्यावर कुठल्या वॉर्डनला झोप लागेल?

तरीही माझं मत स्पष्ट आहे. बंदीने जाणं थांबत नाही, फक्त सांगून जाणं थांबतं. रजिस्टरमध्ये 'मामाकडे' असं लिहून पोरं गडावर जाणार आणि रात्री परतली नाहीत, तर रेक्टर सर मामाला फोन करत बसणार! त्यापेक्षा तयारी करून, सांगून जाऊ द्या.

पण मित्रांनो, परवानगी हवी तर तयारीही दाखवायला हवी. आणि गंमत अशी, की चांगल्या फोटोची तयारी आणि सुखरूप परत येण्याची तयारी जवळजवळ एकच आहे. कशी ते बघा.

पहिली गोष्ट उजेडाची. दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, त्यामुळे डोळ्यांखाली काळे खड्डे दिसतात. सबमिशनच्या आठवड्यात दिसतात तसे. तिरपा, मऊ उजेड सकाळी आणि संध्याकाळी मिळतो. बहुतेक जण संध्याकाळ निवडतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडे सूर्य बुडाला की 20-25 मिनिटांत अंधार पडायला लागतो. सूर्यास्ताचा फोटो म्हणजे अंधारात उतरणं आलंच. म्हणून सकाळ बरी. भाजे गावातून चढून गायमुख खिंडीकडे जाताना वाटेवरच तिरपं ऊन सापडतं. चेहऱ्याचे फोटो तिथेच उरकून घ्या. गडावर पोहोचेपर्यंत ऊन चढलं, तरी हरकत नाही. दरवाज्याच्या कमानीखाली सावलीत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून उभं राहा. स्टुडिओतल्या दिव्यांनाही जमणार नाही असा मऊ प्रकाश फुकटात मिळतो. फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडवू नका, आणि गडाच्या वेळा व तिकीट आधीच बघून ठेवा.

दुसरी गोष्ट चादरीची. हसू नका! होस्टेलची पांढरी चादर म्हणजे उत्तम रिफ्लेक्टर. दोघांनी ती सावलीच्या बाजूला धरली की चेहऱ्याची काळी बाजू उजळते. मात्र उघड्यावर वारा असला की तिचं शीड होतं आणि धरणारे दोघं तिच्यामागे ओढले जातात. तेव्हा चादर झाडांच्या आडोशालाच, माथ्यावर नाही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कड्याची. विंचूकाट्यावर अगदी टोकाशी उभं राहिल्याशिवाय फोटो 'भारी' येत नाही, हा गैरसमज आहे. माणूस कड्यापासून चांगला पंधरा फूट आत उभा करा. कॅमेरा त्याच्याही आतल्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर धरा. मधली जमीन फोटोत दिसेनाशी होते आणि मागे थेट पवना धरणाचं पाणी येतं. बघणाऱ्याला वाटतं, पठ्ठ्या कड्यावर उभा आहे! इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये चार वेळा शीट फाडलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये. फोन असेल तर दुप्पट झूम करून लांबून काढा. जवळून काढला की नाक मोठं आणि कान गायब!

धोका फक्त पोझ देणाऱ्याला नसतो. स्क्रीनकडे बघत मागे मागे सरकणारा फोटोग्राफर जास्त धोक्यात असतो. म्हणून त्याच्यासोबत एक तिसरा माणूस ठेवा, ज्याचं काम फक्त त्याच्या पायाकडे बघणं. आणि डोळा स्क्रीनवर असेल तेव्हा पाऊल टाकायचं नाही, हा नियमच करा.

कपड्यांचं म्हणाल, तर ब्लेझर, साडी, काय हवं ते न्या, पण पिशवीत. चढताना साधे कपडे आणि पकड असलेले बूट. फेब्रुवारीत गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, त्यावर गडद निळा, मरून रंग उठून दिसतो. फोटोआधी डिओ फवारायची सवय मात्र खालीच ठेवून या. गडांवर मधमाश्या असतात आणि उग्र वासाने त्या बिथरू शकतात. माणशी दोन लिटर पाणी न्या. तहानलेला चेहरा कुठल्याही लेन्समधून तहानलेलाच दिसतो. आणि तटबंदीवर चढून पोझ द्यायची नाही. ती आपल्या बापजाद्यांची ठेव आहे, स्टुडिओचं स्टूल नव्हे.

आता वॉर्डन सरांना आणि मॅडमना एक विनंती. बंदीची नोटीस लावण्याऐवजी गेटवर एक साधा कागद ठेवा: कोण चाललंय, कुठे, कोणत्या वाटेने आणि परत किती वाजता. ती वेळ टळून तासभर झाला, तर फोन करायचा. फोन लागला नाही, तर थांबत न बसता 112 वर कळवायचं. डोंगरात रेंज असेलच असं नाही, म्हणून हा कागद महत्त्वाचा.

आणि मित्रांनो, त्या कागदावर खरं लिहायचं बरं का! आज आपण 'मामाकडे' लिहिलं, तर पुढच्या बॅचला गेटच उघडणार नाही. दहा वर्षांनी तो फोटो बघताना कडा किती जवळ होता हे कुणीच विचारणार नाही. कोण कोण सोबत होतं, एवढंच विचारतील. ते सगळे त्या रात्री मेसच्या रांगेत हजर असायला हवेत.