इंग्रजी ही आजची मोडी आहे



गेल्या पावसाळ्यात एका गावी बैठकीला गेलो होतो. माणसे शेतातून यायला वेळ होता, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात टेकलो. आत सातवीचा इंग्रजीचा तास चालला होता. गुरुजी एक ओळ वाचत, पोरे एका सुरात तीच ओळ म्हणत, मग गुरुजी मराठीत अर्थ सांगत. धडा संपल्यावर प्रश्नांची उत्तरे फळ्यावर आली आणि पोरांनी ती वहीत उतरवून घेतली. मधल्या सुट्टीत एका मुलीचे पुस्तक मागून घेतले. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर तिने पेन्सिलीने बारीक देवनागरीत उच्चार लिहिला होता. वाच म्हटले तर पोरीने घडाघडा वाचले. मी पेन्सिलीची ओळ बोटाने झाकली. पोर थांबली. वही बघितली तर मोत्यासारखे अक्षर, एक चूक नाही. त्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवून विचारले, "हे काय लिहिलंय बाळ?" ती म्हणाली, "तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाय सर."

गुरुजींना बोल लावण्यासाठी हे सांगत नाही. त्यांच्याकडे दोन वर्ग होते. शिवाय मतदार यादीचे काम, खिचडीचा हिशेब आणि रोज मोबाईलवर भरायची माहिती. ते स्वतःही असेच इंग्रजी शिकलेले आणि मीही. आमच्या वेळी पाचवीला इंग्रजी सुरू होई. पाठांतराच्या जोरावर मार्क पडले, कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि पहिल्याच आठवड्यात सगळी पुस्तके इंग्रजीत बघून घाम फुटला. पाचवीपासून आठ वर्षे इंग्रजीचा तास केलेला मी, पिकाच्या मुळांवरचे एक पान वाचायला रात्र लावत होतो.

काही जुने कार्यकर्ते म्हणतील, हा विषय संघटनेच्या पत्रकात कशाला? आपला कार्यक्रम एककलमी, रास्त भावाचा. भाव मिळाला की शाळेचे शेतकरी बघून घेईल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण भाव मागणाऱ्या माणसाच्या घरात येणारा कागद कोणत्या भाषेत येतो, ते आधी बघा.

फवारणी करताना माणूस चक्कर येऊन पडतो. घरचे त्याला दवाखान्यात नेतात. डॉक्टर विचारतात, कोणते औषध मारत होता? उत्तर मिळते, "ते पिवळ्या झाकणाचं, दुकानदारानं दिलेलं." डॉक्टरला हवे असते रसायनाचे नाव. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या विषावर अ‍ॅट्रोपिन देतात, पायरेथ्रॉइड गटावर त्याचा उतारा चालत नाही. दोन्ही मिसळून मारले असतील तर तेही कळायला हवे. ते नाव डब्यावर छापलेले असते, आणि डबा बांधावर पडलेला असतो. घरात सातवीत शिकणारे पोर असते, पण त्याला कोणी विचारत नाही आणि त्यालाही वाटत नाही की शाळेतले इंग्रजी आणि डब्यावरचे इंग्रजी एकच आहे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. वाचता आले असते तर ती माणसे जगली असती, असे म्हणण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, बोंडअळीची धास्ती, अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर उपरणे आणि दुकानदार सांगेल ते मिश्रण. यात दोष मरणाऱ्याचा नव्हता. कंपनीची आणि सरकारची जबाबदारी बारा वर्षांच्या पोराच्या दप्तरात टाकून कोणी मोकळे होऊ नये.

कायदा आहेच. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावरचा आणि आतल्या पत्रकावरचा मजकूर हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेतही असायला हवा. तो असतोही. पण पत्रकाची सातवी घडी उलगडल्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात असतो आणि त्यातही रसायनाचे नाव, 'ईसी', 'एसएल', 'डब्ल्यूपी' हे इंग्रजीचेच देवनागरी रूप. डब्यावरचा रंगीत चौकोन मात्र सगळ्यांना दिसतो. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळ्यावर 'पॉयझन' छापतात, निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. हिरवा चौकोन म्हणजे शाकाहारी औषध, असे एका चांगल्या बागायतदाराने मला सांगितले आहे. हसू नका. बिस्किटाच्या पुड्यावरची हिरवी खूण बघून तो ते शिकला होता. हिरवेही विषच, 'कॉशन' म्हणजे सांभाळून, एवढा एक शब्द त्याला कोणी सांगितला नव्हता.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे तेही सांगितले. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. या यादीतली मोडी बघा. पोथ्यापुराणे बाळबोधीत होती. कुळकर्ण्याचे दफ्तर, खतपत्र आणि सावकाराची वही मोडीत होती. ज्या लिपीत आपल्याला नागवले जाते ती लिपी आपल्या पोराला आली पाहिजे, असा त्या मागणीचा अर्थ मी लावतो. त्याच्या सातच वर्षे आधी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या होत्या. ज्या कागदावर अंगठा उठवला तो वाचता येत नाही, मग तो जाळण्यावाचून हातात काय उरते? आणि फुल्यांनी ते निवेदन सरकारला दिले ते इंग्रजीत. सरकारला कळणाऱ्या भाषेत.

आज कुळकर्ण्याचे दफ्तर इंग्रजीत आहे. कर्जमंजुरीचे पत्र, बँकेचा मेसेज, ट्रॅक्टरच्या फायनान्सचा करार, ठिबकचे कोटेशन, बियाण्याचे लेबल सगळे त्याच भाषेत. सहीसुद्धा आपण मराठीत करतो, पण कशावर केली ते इंग्रजीत असते.

एक साधे उदाहरण. २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये येतात. ते अडकले की माणूस सेतू केंद्राच्या चकरा मारतो. बऱ्याच वेळा कारण निघते नावाचे स्पेलिंग. गायकवाड हे आडनाव आधारवर एका तऱ्हेने, पासबुकावर दुसऱ्या तऱ्हेने, अर्जात तिसऱ्या. लिहिणारा प्रत्येक वेळी दुसराच. सातवीतल्या पोराला आपले, आईचे, बापाचे आणि गावाचे नाव एकाच स्पेलिंगने मोठ्या अक्षरात लिहिता आले आणि ते कागदाशी ताडून बघता आले, तर ते लेखन झाले. त्याऐवजी पोर दहा ओळींचा 'माय फेव्हरिट ॲनिमल' पाठ करते आणि सगळ्या वर्गाचा आवडता प्राणी एकच निघतो. वर्गात 'लीव्ह ॲप्लिकेशन' शिकवतात, ताप आला म्हणून रजा द्यावी. तक्रारअर्ज कोणी शिकवत नाही.

आणि तक्रार कशी लागते ते २०२० च्या खरिपात कळले. मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीनचे बियाणे उगवले नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा मी गावोगाव अर्ज लिहून देत होतो. पंचनाम्याला पक्के बिल, पिशवी आणि लॉट नंबर लागतो. किती जणांकडे पिशवी होती? पेरणीच्या दिवशीच ती फाडून फेकलेली, नाहीतर बायकांनी तिचे पोते शिवलेले. ज्यांच्याकडे होती त्यांना लेबलवरचा लॉट नंबर कोणता आणि तपासणीची तारीख कोणती ते दाखवावे लागत होते. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, हे त्याच लेबलवर 'जर्मिनेशन' या शब्दापुढे छापलेले असते.

सरकारने काही केले नाही असे नाही. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तो निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पण वर्ग वाढले, तास तोच राहिला. 'असर'च्या पाहणीत २०१६ साली देशाच्या ग्रामीण भागातली आठवीची ४५.३ टक्के मुले साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकत होती, २०२२ साली ४६.७ टक्के. सहा वर्षांत दीड टक्काही नाही. २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पाने घातली, २०२५ मध्ये काढून टाकली. पानावर काय लिहायचे याचा विचार दोन्ही वेळा झालेला दिसला नाही. पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर २०२५ च्या उन्हाळ्यात केवढे रान उठले, शासनाला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. सहावी-सातवीत इंग्रजी वाचायला येते का, यावर एक सभा झाल्याचे ऐकले नाही. ज्यांची पोरे इंग्रजी माध्यमात आहेत त्यांना तो प्रश्नच नाही. आणि आपल्यातले जे सोयाबीनच्या एका हंगामाचे पैसे तालुक्याच्या शाळेच्या पिवळ्या गाडीवर उधळतात, त्यांच्याही पोरांच्या वह्या एकदा उघडून बघा. पुष्कळदा तीच पेन्सिलीची ओळ.

माझी सूचना छोटी आहे. पुस्तक राहू द्या, धडे राहू द्या. आठवड्यातला एक इंग्रजीचा तास घरातल्या कागदाला द्या. खताच्या गोणीवरचे १०:२६:२६ काय सांगते ते वाचावे. युरियाची गोणी ४५ किलोची आणि तिच्यात नत्र ४६ टक्के, हे त्या गोणीवरूनच शोधून काढावे. (२०२२ पासून त्या गोणीवर मोठ्या अक्षरात 'भारत' छापतात. शरद जोशींचा भारत तो हाच का, ते तुम्हीच ठरवा.) बियाण्याचे लेबल वाचून झाले की शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत, आठवड्याने उगवलेले मोजावेत आणि फळ्यावर न बघता पोरांनी स्वतःचे वाक्य लिहावे, 'सेव्हन्टी टू सीड्स जर्मिनेटेड'. वाक्य चुकू द्या. वर्गातल्या चाळीस वह्यांत चाळीस निरनिराळे आकडे आले की समजा पोरे लिहायला लागली. औषधाचे डबे मात्र शाळेत नेऊ नका, धुतलेलेसुद्धा नको. दुकानदाराकडून कोरे माहितीपत्रक मागा, नाहीतर लेबलचा मजकूर कागदावर उतरवून द्या.

हे मी एका बैठकीत मांडले तेव्हा मागे बसलेल्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "भाऊ, शहरातल्या पोरांनी गोष्टी वाचायच्या आन् आमच्या लेकरांनी खताची पोती? त्यांना शेतीतच गाडायचं हाय का?" प्रश्न झणझणीत होता आणि रास्त होता. मला लगेच उत्तर सुचले नाही. नंतर विचार केला. गोष्टी हव्यातच, गोणीसाठी गोष्ट काढून टाकायची नाही. पण पेन्सिलीच्या ओळीवर वाचलेली गोष्ट त्या पोरीची होतच नाही. जो शब्द तिने घरी गोणीवर, आईच्या पासबुकावर स्वतः ओळखला तो तिचा झाला, आणि असे दोनशे शब्द झाले की ती पेन्सिलीविना गोष्टीकडे जाईल. शेतीतून बाहेर पडणाऱ्या पोराला तर याची गरज जास्तच. शहरात त्याच्यासमोर पहिला कागद येईल तो नोकरीचा करार. त्या बाईंना हे पटले की नाही माहीत नाही, बैठक तेव्हा कापसाकडे वळली होती.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा बायांच्या. आपलेच लोक त्यात आहेत आणि बहुतेक ठिकाणी कोऱ्या ठरावावर सह्या करून येतात. पुढच्या सभेत हा एक तास मागा. गुरुजींवर ओझे म्हणून मागू नका, कागद जमवून देण्याचे काम आपण अंगावर घ्या. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने बियाण्याची एक रिकामी पिशवी लेबलसकट, खताची एक गोणी आणि बँकेचे न समजलेले एक पत्र, खाते नंबर झाकून, आणावे. दुपारच्या सत्रात ते सगळे सतरंजीवर मांडू. आठवीपर्यंतची पोरे बरोबर असतील तर त्यांनाही आणा.