विहारात आधी खुर्च्या मांडा

इचलकरंजीत रविवारच्या वंदनेनंतर आमच्या आज्या भिंतीला धरून उठतात. जन्मभर मागाशेजारी उभं राहून, कांड्या भरून हे गुडघे झिजले. तरी आपण म्हणतो, ‘वय झालं, चालायचंच.’ हा प्रारब्धवादच, आणि तो नाकारल्याचं भाषण आपण दर जयंतीला देतो.

झीज भरून येत नाही, खरं. पण दुखणं कमी करता येतं. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळून पाच आकडे मोजायचे, सावकाश खाली. रोज. सोसेल तेवढं चालायचं, उकिडवं बसणं टाळायचं. दुखण्याची गोळी मनानं रोज घेतली तर पोट आणि मूत्रपिंड धोक्यात येतं, हे कुणी सांगत नाही. तेल विकणारा मात्र दारात येतो.

‘शिका’ फक्त पोरांसाठी होतं का? आम्ही विहारात दहा खुर्च्या आणि आठवड्याला अर्धा तास मागतोय. डीजेच्या खर्चाबद्दल पुन्हा कधीतरी. मालक यातून सुटत नाहीत. राज्य कामगार विम्याला दहा कामगारांची अट, म्हणून छोटे कारखाने बाहेर राहतात. तो लढा सोडायचा नाही.

पहिली खुर्ची मांडली तेव्हा एक आजी म्हणाली, “बुद्धाम्होरं वर कशी बसू रं?” आणि खालीच बसली. तिला समजावणारं आपल्यात कुणी पुढं आलं नाही.