वजन मोजलं, पुढे?

शिरपामाळावर सुट्टीच्या दिवशी गाड्या लागतात. 1664 मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांचं स्वागत केलं, असं सांगतात. आता येणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं आणि नागलीच्या भाकरीच्या कॅलरी ॲपमध्ये किती टाकायच्या यावर चर्चा होते. खुशाल करा. वजन उतरवायला नोंदींची मदत होतेच.

पण याच तालुक्यात वजनाची दुसरीही नोंद चालते. अंगणवाडीत मूल काट्यावर ठेवतात, दंडाला पट्टी लावतात. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. 2021 पासून अंगणवाडीच्या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरतात. 1992-93 मध्ये वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हा ॲप नव्हतं, खरंय. पण ती काही नोंद नसल्यामुळे मेली नव्हती. भुकेने आणि आजारांनी मेली.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्या धंद्यात आकडा स्क्रीनवर आला की काम झालं असं वाटतं. तुमच्या फोनमधला आकडा हलतो, कारण ताटात काय घ्यायचं ते तुम्ही ठरवता. इथली आई ठरवू शकत नाही. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जातं, मूलही जातं. गावात उरते फक्त नोंद. अमृत आहार योजनेतल्या अंड्या-केळ्यांचे पैसे वेळेवर द्या. भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्या मुलाला ताट मिळू द्या, नाव कुठल्याही गावच्या यादीत असो.