सातबाऱ्यावर तिचे नाव

मालेगाव म्हटले की नाशिकचे आठवते; हे वाशिमचे, सोयाबीन-तुरीचे. इथली बचतगटातली बाई न चुकता बचत भरते, बैठकीच्या वहीत सही करते आणि गटाचे कर्ज मृगात बियाण्यावर घालते. निंदण, सोंगणी तिचीच. हप्ताही तिच्याच डोक्यावर. सातबारा मात्र नवऱ्याच्या नावे, म्हणून पीककर्जही त्यालाच. ‘लाडकी बहीण’च्या १५०० रुपयांत किराण्याला हातभार लागतो, इतकेच, त्याला स्वावलंबन म्हणू नये. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ योजना राज्यात १९९२ पासून आहे. तहसीलदारांनी त्यासाठी गावोगाव शिबिरे लावावीत. अर्ज नवऱ्याने करायचा असतो. तेव्हा बायांनो, गटाच्या पुढच्या बैठकीला नवऱ्यांनाही बोलवा.