उशाला उशा वाढत चालल्या तर



या सदरात पिकाचे लिहितो, तसे अधूनमधून माणसाचेही लिहावे लागते. मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर. पण गावोगाव ओसरीवर बसताना एक गोष्ट वारंवार कानी पडते. "आबांना रात्री दमा उठतो. निजल्यावर तास-दोन तासांत दचकून उठतात, बाजेवर पाय सोडून बसतात, खिडकी उघडा म्हणतात." मग कोणी वाफारा देतो, कोणी शेजाऱ्याचा दम्याचा पंप आणतो. आबांना हृदयविकार आहे, याची आठवण त्या वेळी कोणालाच होत नाही.

हा दमाच असेल असे नाही. हृदय म्हणजे पंप. त्याचा जोर कमी झाला की अंगात पाणी साठते. दिवसभर ते पायांत उतरते. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले तर खळगा राहतो. आडवे झाल्यावर तेच पाणी रक्तात परत येते, पंपाला ते पुढे ढकलवत नाही. पुढचा पाट तुंबला की पाणी मागच्या वाफ्यात चढते, तसे ते फुप्फुसात चढते. उठून बसले की उतरते, म्हणून बरे वाटते. एका उशीच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या तर आठ दिवस वाट पाहू नये, डॉक्टरांना सांगावे.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीआधी रोज वजन करावे आणि वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. घरी धान्याचा काटा असेल तर तोही चालेल.

लघवीची गोळी लग्नाला जायचे, बाजाराला जायचे म्हणून परस्पर बंद करणारे पुष्कळ आहेत. रात्रीची धाप बहुधा तिथूनच सुरू होते. गोळीची वेळ पुढेमागे करता येते. डॉक्टरांना विचारा, पण चुकवू नका. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळीही अंगात पाणी धरून ठेवते. शेतकामाच्या घरात ही फार खपते, म्हणून मुद्दाम सांगतो.

वहिनी, आता तुमच्याशी. दिवसाचे मीठ लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, सुकी मासळी धरून चहाच्या एका चमच्याच्या आत बसवायचे. भाकरीच्या पिठात मीठ नको. आमटीत मीठ घालण्याआधी आबांची वाटी काढून ठेवा, वरून लिंबू पिळा. बाजारातले 'कमी सोडियम'चे मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. आपण पिकाला देतो ते पोटॅशच त्यात असते. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात वाढले तर ठोके बिघडतात.

उठून बसूनही धाप थांबेना, ओठ निळे पडले, गुलाबी फेस आला किंवा छातीत दुखू लागले, तर उजाडण्याची वाट पाहू नका. 108 ला फोन लावा. रुग्णाला आडवे करू नका, पाणी पाजू नका, पाय खाली सोडून बसवा. जीपने न्यायची वेळ आली तरी बसवूनच न्या. गोळ्यांची पाकिटे आणि वजनाची वही पिशवीत टाकायला विसरू नका.