थेरपिस्ट तुमच्याबद्दल काय लिहून ठेवतात? आणि ते कोण वाचू शकतं?

ऑक्टोबर 2020. फिनलंडमधल्या हजारो लोकांना एक मेल आला. 24 तासांत 200 युरो बिटकॉइनमध्ये द्या, उशीर झाला तर 500, नाहीतर तुम्ही थेरपिस्टला सांगितलेलं सगळं इंटरनेटवर टाकू. 'वास्तामो' या थेरपी सेंटर्सच्या साखळीतून सुमारे 33 हजार लोकांच्या नोंदी चोरीला गेल्या होत्या. कंपनी दिवाळखोरीत गेली. हॅकरला एप्रिल 2024 मध्ये सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली, पण बाहेर आलेल्या गोष्टी परत आत जात नाहीत.

आपल्याकडेही ॲपवर समुपदेशन मिळतं, आणि सेशन ऐकून नोट्स तयार करणारी एआय टूल्स आली आहेत. म्हणून या नोंदींबद्दल थोडं समजून घेऊ.

नोंद म्हणजे डायरी नाही

जगभर खूप वापरला जाणारा एक साचा म्हणजे 'सोप'. अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी 1960 च्या दशकात मांडलेल्या पद्धतीतून तो आला. त्यात चार भाग असतात : तुम्ही काय सांगितलं, थेरपिस्टला काय दिसलं, त्यावरून त्यांना काय वाटतं आणि पुढे काय करायचं.

सगळी गंमत पहिले तीन भाग वेगळे ठेवण्यात आहे. 'क्लायंट आळशी आहे' हा शेरा झाला. 'आठवड्यात चार दिवस दुपारपर्यंत अंथरुणातून उठता आलं नाही, असं सांगितलं' ही नोंद झाली. महिन्याभराने चारचे दोन दिवस झाले, तर उपचार लागू पडतायत हे दिसतं. थेरपिस्ट बदलला तरी नव्याला पहिल्यापासून विचारावं लागत नाही. आणि सासूबाई नेमकं काय बोलल्या, याचा शब्दन् शब्द लिहायची गरजच नसते. चांगली नोंद बहुतेकदा छोटी असते. सेशनचं अख्खं रेकॉर्डिंग साठवणारं टूल याच्या बरोबर उलट जातं, असं मला वाटतं.

मला माझी नोंद मागता येते?

हो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं, तर कलम 25 आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा. तुम्हाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल, तरच एखादी माहिती रोखता येते. तीही रोखली तर मंडळाकडे दाद मागता येते, हे तुम्हाला सांगावंच लागतं. गोपनीयतेलाही अपवाद आहेत : जिवाला धोका, कोर्टाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षा.

मात्र हा कायदा 'मानसिक आजार' असलेल्या व्यक्तींबद्दल बोलतो. ब्रेकअपनंतर ॲपवर बोलणारी मुलगी त्यात बसते का, यावर वाद होऊ शकतो. तिच्यासाठी उरतो डेटा संरक्षण कायदा 2023. त्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा 'संवेदनशील' वर्ग नाही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात.

तोवर पहिल्याच सेशनला विचारून घ्या : नोंद कुठे साठवता, आणखी कोण बघतं, रेकॉर्डिंग होतंय का, आणि मी नको म्हटलं तर बंद कराल का?